अमेरिकेने बालमजुरीविरोधातला पैसा थांबवला. बागलाणला त्याचं काय?

सटाणा : अमेरिकेच्या कामगार खात्याने मार्च २०२५ मध्ये जगभरातल्या बालमजुरी आणि वेठबिगारीविरोधातल्या ६९ कार्यक्रमांचा निधी एका झटक्यात बंद केला. रक्कम ५० कोटी डॉलरहून जास्त, म्हणजे आपल्या हिशोबाने चार हजार कोटी रुपयांच्या वर. परदेशात खर्च होणारा हा पैसा अमेरिकेच्या हिताचा नाही, असं कारण दिलं गेलं.

कुणी म्हणेल, वॉशिंग्टनचा नळ बंद झाला तर सटाण्याच्या कांदा मार्केटला काय फरक पडतो? थेट फरक पडत नाही, हे खरं. पण दुसऱ्याच्या पैशावर चालणारं काम कधीही थांबू शकतं, हे यातून दिसलं. मग आपल्याकडच्या पोरांसाठी आपला पैसा कुठे आहे, हे बघायला हवं.

परदेशी पैसा आला, पण शेतात नाही

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९२ मध्ये जर्मनीच्या पैशातून बालमजुरीविरोधी कार्यक्रम सुरू केला. त्यात सुरुवातीलाच सामील झालेल्या देशांत भारत होता. पुढे २००४ च्या सुमारास 'इंडस' प्रकल्प आला. अमेरिका आणि भारत सरकारने प्रत्येकी २ कोटी डॉलर घातले. महाराष्ट्रातले अमरावती, औरंगाबाद, जालना, गोंदिया आणि मुंबई उपनगर हे जिल्हे निवडले गेले. नाशिक त्यात नव्हता. भरही बिडी, फटाके, बांगड्या अशा धोकादायक उद्योगांवर होता.

आपल्याकडची पोरं मात्र कांद्याच्या शेतात, द्राक्षबागेत, ऊसतोडीच्या कोप्यांवर आणि मेंढरांमागे दिसतात. जगाचं चित्रही तसंच आहे. २०२५ च्या अंदाजानुसार १३.८ कोटी मुलं मजुरीत आहेत आणि त्यातली ६१ टक्के शेती क्षेत्रात.

केंद्राचा राष्ट्रीय बालकामगार प्रकल्प १९८८ पासून होता. कामावरून सोडवलेल्या पोरांसाठी त्यात वेगळे वर्ग आणि महिना ४०० रुपये विद्यावेतन होतं. एप्रिल २०२१ पासून तो समग्र शिक्षा अभियानात विलीन झाला.

उभाडेची आठवण

ऑगस्ट-सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, इगतपुरी तालुक्यातल्या उभाडे इथली दहा वर्षांच्या आसपासची कातकरी मुलगी मेली. मेंढपाळाकडे राबायला दिलेली ही पोर मरणाच्या दारात असताना घरी परत आली होती. मग एकेक करून कळलं, की थोडे पैसे आणि एखादी मेंढी घेऊन आणखीही पोरं नगर जिल्ह्यात पाठवली गेली होती. वेठबिगारी कायद्याखाली गुन्हे दाखल झाले, पोरं सोडवली गेली. पण एक जीव गेल्यावर.

पैसा आहे, कागद हवा

वेठबिगारी बंदी कायदा १९७६ चा आहे. या कायद्याने उचलीपोटी बांधून ठेवलेल्या मजुराचं ते कर्जच रद्द होतं. 'आधी उचल फेड, मग पोरगा ने' असं म्हणणं हाच गुन्हा आहे.

सुटका झाल्यावर तात्काळ ३० हजार रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. त्यासाठी कोर्टाच्या निकालाची वाट बघायची नसते. पुढच्या पुनर्वसनासाठी प्रौढ पुरुषाला १ लाख, महिला आणि मुलांना २ लाख, तर लैंगिक शोषण किंवा तस्करीसारख्या गंभीर प्रकरणात ३ लाख रुपये आहेत. त्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान १० लाखांचा कायम निधी ठेवायचा आहे. हा पैसा अमेरिकेचा नाही, आपल्याच सरकारचा आहे.

अडतं ते मुक्तता प्रमाणपत्रावर. ते जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकारी देतात. तो कागद नसेल तर पोरगं घरी येतं, पण हातात काही येत नाही. घरात पुन्हा चूल पेटत नाही आणि पुढच्या हंगामात बाप परत उचल घेतो. म्हणजे सुटका होऊनही पोर परत तिथेच.

शेतकऱ्याचीही बाजू आहे

लागवड-काढणीला मजूर मिळत नाही, ही अडचण खरीच. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत स्वतःच्या पोराने घरच्या शेतात हात लावला तर कायदा अडवत नाही. दुसऱ्याचं १४ वर्षांखालचं पोर कामाला ठेवलं, तर मात्र २० ते ५० हजार दंड किंवा ६ महिने ते २ वर्षे कैद, किंवा दोन्ही. मुकादम पोरांसकट टोळी आणत असेल, तर शेतकऱ्याने आधीच विचारावं, पोरं शाळेत कुठे जाणार?

गावाने काय विचारायचं?

कायद्याप्रमाणे जिल्ह्याला आणि प्रांत पातळीवर दक्षता समिती असते. ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा. समितीची शेवटची बैठक कधी झाली? मुक्तता प्रमाणपत्रं किती दिली? जिल्ह्याच्या निधीत आज किती रक्कम आहे? उत्तर लेखी मागा. स्थलांतराला निघालेल्या घरांची यादी दिवाळीआधी शाळेकडे द्या, म्हणजे हंगामी वसतिगृहाची मागणी वेळेत जाईल.

आणि एखादं पोर अडकलंय असं दिसलं तर १०९८ ला फोन करा, पैसे लागत नाहीत. उभाडेच्या पोरीसाठी तो फोन वेळेत झाला असता तर, एवढाच विचार करा.