दिवाणखाना आणि मुदपाकखाना

इंग्लंडांतील जुन्या वाड्यांच्या कथांवर रचलेल्या दूरचित्रवाणी-मालिका आमच्याकडील सुशिक्षित कुटुंबांतून मोठ्या आवडीनें पाहिल्या जातात. रात्रीचीं जेवणें आटोपलीं कीं आजोबांपासून कॉलेजांत जाणाऱ्या नातीपर्यंत सारीं पडद्यासमोर बसतात, आणि लॉर्डसाहेबांच्या मुलीचें त्या शोफरशीं जमणार कीं नाहीं याविषयीं घरांत दोन तट पडतात. या आवडीस नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. चांगली भाषा, नीटस अभिनय आणि सर्वांना एकत्र बसून निःसंकोच पाहतां येईल अशी मर्यादा, हे गुण आजकाल सहज मिळत नाहींत. परंतु सरदारकन्या आणि नोकर, अथवा घरचा धनी आणि मोलकरीण, यांच्या प्रेमाच्या ज्या कथा या मालिकांतून येतात, त्या कोठपर्यंत खऱ्या आणि कोठून पुढें केवळ सोयीच्या, हें पाहणें अप्रस्तुत होणार नाहीं असें आम्हांस वाटतें.

या साऱ्या मालिकांची थोरली बहीण म्हणजे 'अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स'. १९७१ ते १९७५ या काळांत तिचे ६८ भाग इंग्लंडांत दाखविले गेले. मूळ कल्पना जीन मार्श व आयलीन ॲटकिन्स या दोन नट्यांची. मोठ्या घरची चाकरी म्हणजे काय, हें दोघींनाहि घरच्या माणसांकडून ठाऊक होतें. म्हणून लंडनच्या ईटन प्लेसमधील बेलामी कुटुंबाचें घर जिन्याच्या दोन्ही टोकांकडून दिसतें: वर दिवाणखाना, खालीं तळघरांत मुदपाकखाना. घरचा धनी रिचर्ड बेलामी स्वतः खेड्यांतील पाद्र्याचा मुलगा. त्यानें अर्लची कन्या वरिली आहे. चिरंजीव जेम्स याच्यापासून सारा नांवाच्या मोलकरणीला दिवस जातात. तें मूल जगत नाहीं. पुढें हाच जेम्स आपल्या वडिलांच्या टंकलेखिकेशीं, हेझल फॉरेस्टशीं, रीतसर लग्न करतो. हेझल शहाणी आहे, स्वाभिमानी आहे. तरी दिवाणखान्यांतील मंडळी तिला आपली मानीत नाहींत, आणि मुदपाकखाना तर त्याहून कडक! आपल्याहून फारशी उंच नसलेली मुलगी मालकीण झाली यांत नोकरांस आनंद नाहीं. घराची अब्रू गेली असें त्यांस वाटतें. हें निरीक्षण फार मार्मिक आहे. मात्र तें शेवटास नेण्याची वेळ येते तेव्हां १९१८ सालची इन्फ्लुएन्झाची साथ येते आणि हेझल मरते.

चाळीस वर्षांनीं आलेल्या 'डाउनटन ॲबी'नें (२०१० ते २०१५) हाच मार्ग धरला. अर्लची धाकटी कन्या सिबिल आयरिश शोफर टॉम ब्रॅन्सन याच्याशीं लग्न करते. पण तें लग्न डब्लिनला आणि पडद्याआड होतें. जांवई सासुरवाडीस येतो तेव्हां त्याच्यापाशीं रात्रीच्या जेवणास लागणारा टेलकोट नसतो, आणि त्या एका कोटावरून वर-खालीं सारें घर अस्वस्थ होतें. कोटाचा हा प्रसंग आम्हांस सबंध मालिकेंत अतिशय खरा वाटला. परंतु २०१२ मध्यें दाखविलेल्या भागांत सिबिल बाळंतपणानंतर आंचके येऊन दगावते. त्या नटीस मालिका सोडावयाची होती हें खरें. पण कथेचा परिणाम पाहा. सिबिल गेल्यावर टॉम जमिनीचा कारभार पाहूं लागतो, सर्वांबरोबर जेवावयास बसतो आणि हळूहळू घरचा होतो. मुलगी गेली तेव्हां कोठें जांवई आपलासा झाला!

एका परिचित घरांतील आजीबाईंनीं आम्हांस विचारलें, "लग्न लागलें तें लागलें. पण दुसऱ्या दिवसापासून तीं दोघें रोज कोणत्या पंगतीला बसलीं, तें कां नाहीं दाखवीत?" या मालिकांवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे, परंतु इतकें वर्मीं बसणारें आमच्या तरी वाचनांत आलें नाहीं. कारण इंग्रजी वाड्यांतील हा भेद कायद्याच्या पुस्तकांत नव्हता. १७५३ च्या कायद्यानें एकवीस वर्षांखालील मुलामुलींच्या लग्नास वडिलांची संमति आवश्यक ठरविली होती. त्यापुढील वयाच्या उमरावानें मोलकरणीशीं लग्न लावलें तर तें कोणालाहि मोडतां येत नसे. भेद होता तो ताटाचा. आणि तो तळघरांत, किंबहुना, अधिक कसोशीनें पाळला जाई. मोठ्या वाड्यांतून नोकरांच्या जेवणाच्या दालनांत बटलर आणि कारभारीण अग्रस्थानीं बसत. मुख्य पदार्थ झाले कीं वरिष्ठ नोकर उठून गोड खाण्यास कारभारणीच्या खोलींत जात. पाहुण्यांबरोबर आलेल्या चाकरांस त्यांच्या धन्याच्या नांवानें हांक मारीत आणि धन्याच्या मानाप्रमाणें जागा देत. अशा घरांत एखादी मुलगी खालून वर गेली म्हणजे एक नव्हे, दोन पंगती मोडत.

इतिहासांत असे प्रसंग विरळा, पण घडलेले आहेत. ससेक्समधील अपपार्क वाड्याचे धनी सर हॅरी फेदरस्टनहॉ यांनीं १८२५ मध्यें आपल्याच दूधघरांत काम करणाऱ्या मेरी ॲन बुलक हिच्याशीं लग्न केलें. नवरदेवांनीं सत्तरी ओलांडली होती. वधू विशीच्या आसपासची. वाचकांस देवलांची 'शारदा' आठवेल, पण ही हकीकत निराळ्या वाटेनें गेली. १८४६ मध्यें सर हॅरी वारले आणि वाडा तिच्याकडे आला. तिच्यामागून तो तिच्या बहिणीकडे, फ्रान्सिसकडे, गेला. या फ्रान्सिसबाईंच्या पदरीं १८८० पासून कारभारीण म्हणून राहिली ती एच. जी. वेल्स या ग्रंथकाराची आई! दूधघरांतल्या मुलीची बहीण मालकीण झाली होती, तरी जिना होता तेथेंच होता. वेल्सनें हा वाडा खालून पाहिला आणि १९०९ च्या 'टोनो-बंगे' या कादंबरींत निराळ्या नांवानें उभा केला. तींतील नायक कारभारणीचा मुलगा. वरच्या मजल्यावरील बीट्रिसवर त्याचा जीव जडतो. मुलांच्या मारामारीच्या प्रसंगीं ती त्याची बाजू घेत नाहीं, आणि त्याची वाड्यांतून हकालपट्टी होते. पुढें त्याच्या हातीं पैसा येतो, ती पुन्हां भेटते, प्रेमहि असतें. लग्न मात्र होत नाहीं. येथें कोणत्याहि साथीची गरज पडली नाहीं.

याहून विलक्षण हकीकत हॅना कलविक हिची. श्रॉपशायरमधील ही मुलगी वयाच्या आठव्या वर्षापासून चाकरी करीत होती. १८५४ मध्यें लंडनमध्यें तिची गांठ आर्थर मन्बी या, वकिली शिकलेल्या व कविता करणाऱ्या, गृहस्थाशीं पडली. त्याच्या सांगण्यावरून ती रोजनिशी लिहूं लागली: किती जोडे पुसले, कोणते जिने घासले, किती वाजतां अंथरुणास पाठ टेकली. एकोणीस वर्षांनीं, १८७३ मध्यें, दोघांनीं गुपचूप लग्न केलें. त्यानंतरहि ती त्याच्या बिऱ्हाडीं राहिली ती जगाच्या दृष्टीनें मोलकरीण म्हणूनच. फ्रान्सच्या प्रवासांत तिनें कुलीन बाईचा पोषाख केला. परत आल्यावर तो उतरवून आपले कामाचे कपडे घातले तेव्हां तिला मोकळें वाटलें. तिला 'लेडी' व्हावयाचें नव्हतें. स्वतःच्या श्रमाची भाकरी ती सोडावयास तयार नव्हती. मन्बीला मात्र कष्टानें राठ झालेल्या स्त्रियांच्या हातांचें विलक्षण वेड होतें. ज्या कष्टांचें आपण कौतुक करतों ते दुसऱ्याच्या अंगावर आहेत, याचा त्याला पुरता विचार पडला होता असें आम्हांस वाटत नाहीं. कांहीं वर्षांनीं ती आपल्या प्रांतीं जाऊन राहिली. तो तिला भेटावयास जाई. ती १९०९ मध्यें वारली, तो १९१० मध्यें. त्याच्या कागदपत्रांची पेटी केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजांत गेली आणि त्याच्या इच्छेप्रमाणें १९५० पर्यंत बंद राहिली.

मालिकांपैकीं कोणीच या पंगतीपर्यंत गेलें नाहीं, असें मात्र नव्हे. २०१५ मध्यें सुरू झालेल्या 'पोल्डार्क'मध्यें कॉर्नवॉलचा एक जमीनदार आपल्या घरीं राबणाऱ्या, खाणकामगाराच्या मुलीशीं आरंभींच्या भागांतच लग्न करतो, त्यामुळें पुढचें सारें दाखविल्यावांचून लेखकाची सुटका नाहीं. नाताळास नातलगांच्या वाड्यावर गेलेली डेमेल्झा घाबरून आंत शिरते आणि शेवटीं गाणें म्हणते, तो प्रसंग नव्या सुनेनें तरी अवश्य पाहावा. मिसेस गॅस्केल यांच्या कादंबरीवरील 'नॉर्थ अँड साउथ' (२००४) हिचे भाग अवघे चार. तींत अंतर मोलकरणीचें नाहीं. पाद्र्याच्या सुसंस्कृत मुलीचें आणि गिरणीमालकाचें आहे. पण संप, मजुरी, बुडालेला धंदा आणि तिला वारशानें मिळालेला पैसा या साऱ्यांतून वाट काढून तीं दोघें एकमेकांपर्यंत येतात. कादंबरींत हा शेवट लंडनच्या एका दिवाणखान्यांत होतो, मालिकेंत रेल्वेच्या फलाटावर. फलाट दिसावयास सुंदर आहे. आम्हांस दिवाणखानाच अधिक आवडतो, कारण तेथें प्रेमाचें बोलणें कर्जाच्या बोलण्यांतूनच निघतें.

ताटानंतर राहिली ती वाणी. पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी'मुळें (१९७५) बर्नार्ड शॉचें 'पिग्मॅलियन' आपल्याकडे घरोघर पोंचलें आहे. उच्चार बदलून फूलवालीला सरदारकन्या म्हणून खपवितां येतें, पण त्यानंतर तिनें जावें कोठें, हा शॉचा प्रश्न. १९१४ मध्यें लंडनला प्रयोग झाला तेव्हां मुख्य नट बीरबोम ट्री यानें शेवटीं नायिकेकडे फुलें फेंकण्याचा प्रघात पाडला आणि प्रेक्षकांस हवा तो गोड शेवट देऊन टाकला. शॉ संतापला. त्यानें पुढें लांबलचक उपसंहार लिहून एलायझाचें लग्न प्रोफेसराशीं नव्हे, फ्रेडी या कुलीन पण निर्धन तरुणाशीं लावून दिलें आणि मेजर नव्हे, कर्नल असलेल्या पिकरिंगसाहेबांच्या पैशानें दोघांस फुलांचें दुकान घालून दिलें. दोघांनाहि हिशेब येत नव्हता. दुकान तोट्यांत जाऊं लागलें तेव्हां नवराबायको संध्याकाळच्या वर्गांत जाऊन जमाखर्च शिकलीं, आणि फुलांच्या शेजारीं भाजी मांडल्यावर कोठें दुकानाचा जम बसला.