अब्बांचा रेडिओ का किरकिरत होता?

ईदला दुबईहून आलेल्या दिराने एक बिनतारी चार्जर आणला. बशीसारखी गोल चकती. मोबाइल वर ठेवला की वायर न जोडता चार्ज होतो. मुलांनी ती अब्बांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, उशाशी रेडिओच्या स्टुलावर ठेवून दिली.

दोन दिवसांत रेडिओ बिघडला. आकाशवाणी सोलापूर लावलं की बातम्यांच्या आड नुसती किरकिर. दुरुस्तीवाल्याकडे तो छान वाजला, घरी आणल्यावर पुन्हा तेच. मग पलंगावर पडल्या पडल्या अब्बांच्या कानाच्या मशीनमध्येही घुंऽऽ सुरू झालं. "बेटा, आता कानच गेले समज," म्हणत त्यांनी मशीन डबीत ठेवली. जेवायला बसले तरी बोलेनात. खरं तर याचंच मला जास्त वाईट वाटलं.

एका दुपारी फोन वाजला म्हणून मी तो चकतीवरून उचलला आणि रेडिओ स्वच्छ वाजू लागला! परत ठेवला, किरकिर सुरू.

मी भाषा शिकवणारी बाई. म्हणून मुलीच्या दहावीच्या पुस्तकातला 'विद्युतधारेचे परिणाम' हा धडा काढला आणि शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना गाठलं. चकतीत तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातली वीज सेकंदाला एक-दोन लाख वेळा मागेपुढे होते, भोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि त्याने मोबाइलमधल्या वेटोळ्यात वीज निर्माण होते. फॅरेडेने 1831 मध्ये दाखवलं ते हेच.

पण आपल्याला ऐकू येतं सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतच. मग आवाज कुठून? मोबाइल चार्जरला सतत कळवत असतो, 'एवढी दे, आता कमी कर', आणि त्यासाठी त्या क्षेत्रात सेकंदाला सुमारे दोन हजार चढउतार करतो. जवळचा अँप्लिफायर ते चढउतार पकडतो आणि ते कानाला ऐकू येतात. रेडिओची गोष्ट वेगळी. चार्जरच्या कंपनांच्या पटीतल्या लहरी थेट मध्यम लहरींच्या पट्ट्यात पडतात आणि सोलापूर केंद्र 1602 किलोहर्ट्झवर, त्याच पट्ट्यात आहे. कानाच्या मशीनमध्ये फोन ऐकण्यासाठी 'टी' नावाचं बारीक वेटोळं असतं. अब्बांनी माइकसोबत तेही चालू ठेवलं होतं.

यात रेडिओ, मशीन, चार्जर काहीच बिघडलेलं नसतं. अंतर दुप्पट केलं की हे क्षेत्र साधारण आठपट कमी होतं, त्यामुळे दोन हात लांब ठेवलं तरी पुष्कळ. इंडक्शन शेगडीजवळचा रेडिओही असाच किरकिरतो. मस्जिदीत अँप्लिफायरवर, माइकच्या वायरजवळ असा चार्जर ठेवू नये, हे मी आमच्याकडच्या मुलांना सांगून ठेवलंय.

घरातल्या बुजुर्गांनी मशीन घुमते म्हटलं, तर आधी उशाशी काय ठेवलंय ते बघा, 'टी' बंद करून बघा; मगच कानाच्या डॉक्टरांकडे. आमची चकती आता मुलांच्या खोलीत आहे. अब्बा रात्री जेवताना पुन्हा मिठावरून भांडतात.