खटका बिघडला, संगणक नव्हे



रेवदंड्याहून मुरूड-श्रीवर्धनकडे जाताना वाटेत बऱ्याच शाळा लागतात. त्यांपैकी एखादीच्या संगणक कक्षात डोकावलात, तर कोपऱ्यातल्या टेबलावर फडक्याखाली झाकून ठेवलेला एक संगणक दिसण्याचा बराच संभव आहे. मी अशाच एका शाळेत गेलो होतो. 'याला काय झाले?' असे विचारताच मुले एका सुरात म्हणाली, 'सर, तो बंद आहे. बटण आत गेलंय.' किती दिवस झाले, हे कोणालाच सांगता येईना. दहावीची जी तुकडी नुकतीच बाहेर पडली होती, तिनेही तो बंदच पाहिलेला होता.

बटण आत गेले म्हणून संगणक बंद! दाराची कडी निखळली म्हणून घर सोडून जाण्यासारखेच हे झाले. परंतु हसण्यापूर्वी तुम्ही स्वतःला एक प्रश्न विचारा. त्या बटणाच्या मागे नेमके काय असते, हे आपणांस ठाऊक आहे काय?

पुष्कळांची समजूत अशी असते की भिंतीवरच्या दिव्याच्या बटणाप्रमाणेच हे बटणही विजेचा प्रवाह जोडते व तोडते. एके काळी ते खरेही होते. १९८१ साली आलेल्या आय.बी.एम.च्या वैयक्तिक संगणकाला बाजूस मागे एक मोठा तांबडा खटका होता आणि त्यातून घरातली वीज थेट जात असे. पुढे १९९५ साली इंटेल कंपनीने ए.टी.एक्स. नावाचा आराखडा प्रसिद्ध केला आणि ही रीत बदलली. आज शाळेत असलेल्या बहुतेक संगणकांत पुढच्या बटणापर्यंत २३० व्होल्ट पोहोचतच नाहीत. संगणक 'बंद' दिसत असला तरी भिंतीवरचे बटण चालू असेपर्यंत त्याचा वीजपुरवठा संच मुख्य पटलाला ५ व्होल्टचा एक क्षीण प्रवाह पुरवीत राहतो. जणू घर झोपले आहे, पण पडवीत एक राखणदार जागा आहे. पुढचे बटण दाबले की दोन बारीक तारा क्षणभर एकमेकींना भिडतात. राखणदाराला खूण मिळते. तो वीजपुरवठा संचाकडे जाणाऱ्या हिरव्या तारेचा दाब शून्यावर आणतो आणि मग सारे घर जागे होते.

म्हणजे ते बटण वीज जोडत नाही, नुसती खूण करते. ते दारावरच्या घंटीच्या बटणाचे सख्खे भावंड आहे.

आता आपल्या किनाऱ्यावर ही खूण का हरवते, ते पाहू. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते, हे तुमच्या आईला कोणी शाळेत शिकवलेले नसते. शुद्ध मीठ हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की पाणी शोषून विरघळू लागते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते, ते तर याहून पुष्कळ कोरड्या हवेतही ओल धरते. लाटा फुटताना उडणारे तुषार वाऱ्याबरोबर आत येतात, त्यांतील मिठाचे कण खिडकीच्या गजांवर बसतात तसेच संगणकाच्या पेटीतही बसतात. मिठाचे ओले पाणी विजेचे चांगले वाहक आहे. अशा ओलीत दोन निरनिराळे धातू शेजारी असले की त्यांतला एक झिजू लागतो. बटणाच्या आतली घुमटासारखी पातळ पत्री, तिच्याखालची तांब्या-पितळेची टोके यांवर हळूहळू हिरवट-काळा थर चढतो.

येथे एक गंमत आहे. त्याच खोलीतल्या दिव्याचे बटण त्याच खाऱ्या हवेत वर्षानुवर्षे चालते. मग हेच का रुसते? दिव्याच्या खटक्यात २३० व्होल्टचा दाब असतो, जोडताना-तोडताना बारीकशी ठिणगी पडते आणि पातळ थर फुटून वा जळून जातो. संगणकाच्या बटणात दाब फार कमी, प्रवाह तर त्याहून क्षुल्लक. त्याला तो थर फोडता येत नाही. म्हणून अशा नाजूक जोडांवर चांगले कारखानदार सोन्याचा मुलामा देतात. स्वस्त बटणावर तो नसतो, हे सांगायला नकोच.

दुसरे कारण साधेच आहे. बटणामागचा प्लॅस्टिकचा लवचीक दांडा मुलांच्या अंगठ्यांनी मोडतो आणि बटण आत अडकून बसते. या आजाराचे लक्षण फार छान आहे. संगणक सुरू होतो आणि चार-पाच सेकंदांत आपोआप बंद पडतो. असे का व्हावे? कारण बटण सुमारे चार सेकंद दाबून धरले तर 'सक्तीने बंद कर' असा अर्थ घ्यायला राखणदाराला शिकवलेले आहे. अडकलेले बटण त्याला तेच सांगत असते. ज्याला हे ठाऊक नाही, तो 'मदरबोर्ड गेला' असे म्हणून मोकळा होतो.

खात्री करण्याचा मार्ग असा. शिक्षकांच्या समक्ष, भिंतीवरचे बटण बंद करून व वायर काढून पेटीची बाजूची झडप उघडावी. (या पेटीला आपल्याकडे सर्रास 'सीपीयू' म्हणतात. खरा सीपीयू आत पंख्याखाली दडलेली एक चकती आहे, पण ते असो.) पुढच्या बाजूकडून आलेल्या बारीक तारांच्या जोड्या मुख्य पटलाच्या कडेला टाचण्यांच्या ओळीवर बसवलेल्या दिसतील. त्यांतल्या एकीवर 'पॉवर एसडब्ल्यू' अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे असतात. ती जोडी काढून घ्यावी, वायर पुन्हा लावावी आणि शिक्षकांनी त्या दोन टाचण्यांना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभरच एकत्र स्पर्श करावा. पंखा फिरू लागला आणि संगणक चालत राहिला, तर दोष खटक्याचा, संगणकाचा नव्हे. शेजारच्या भलत्याच टाचण्या जोडल्या तर मात्र पटलाला इजा होऊ शकते, म्हणून अक्षरे दोनदा वाचावीत. आणि मागच्या कोपऱ्यातली वीजपुरवठा संचाची धातूची डबी कधीही उघडू नये. तिच्यातले संधारक वायर काढल्यानंतरही धोकादायक विद्युतभार धरून ठेवतात. हे घाबरवण्यासाठी लिहीत नाही, पण येथे धिटाईचा काही उपयोग नाही.

उपाय तर हाताशीच असतो. बहुतेक पेट्यांवर 'रिसेट'चे एक लहान बटण असते आणि ते क्वचितच वापरले जाते. तेही दोन तारा क्षणभर जोडण्याचेच काम करते. वायर पुन्हा काढून त्याची जोडी 'पॉवर'च्या टाचण्यांवर बसवली की काम झाले. उलटसुलट लागली तरी बिघडत नाही, कारण खटक्याला धन-ऋण नसते. दिव्याच्या जोडीला मात्र ते असते. रिसेट नसेल, तर रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मिळणारे छोटे दाबबटण आणून जुन्या तारांना कथिलाचा डाग द्यावा. चहा-वड्याच्या पैशांत भागते. काही कंपन्या सर्व तारा एकाच खास जोडपट्टीत गुंफतात, त्यामुळे साधे बटण लावणेही अवघड होते. हा मला ग्राहकावर अन्याय वाटतो. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली, ती अशाच तक्रारींच्या पार्श्वभूमीवर.

आता शिक्षकांशी दोन शब्द. तुमची अडचण मला समजते. संगणक जडसंग्रह नोंदवहीत चढलेला असतो. उघडला आणि काही झाले तर जबाब तुम्हांला द्यावा लागतो, न उघडता पडून राहिला तर कोणी विचारत नाही. जी व्यवस्था वापरून बिघडवणाऱ्याला जाब विचारते आणि न वापरता कुजवणाऱ्याला विचारत नाही, तिच्यात दोष आहे, आणि तो तुमचा नव्हे. म्हणून माझी सूचना आहे की मुख्याध्यापकांनी लेखी परवानगी द्यावी आणि नोंदवहीशेजारी एक दुरुस्तीची वही ठेवावी. कोणते लक्षण दिसले, काय तपासले, काय बदलले, ते तारखेसह मुलांनी लिहावे. हमीची मुदत चालू असलेला संगणक यातून खुशाल वगळा.

असल्या वहीचे मोल आपल्या जिल्ह्याला नवे नाही. कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय नोंदींना विजेच्या ट्रामगाड्यांचा उपद्रव होणार, हे ओळखून ते काम अलिबागेस हलवण्यात आले. १९०४ साली तेथे वेध सुरू झाले आणि १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेऊन त्यांचा मेळ घातला गेला. नाजूक उपकरणे, तीही समुद्राकाठी! रोज कोणीतरी ती पुसली, तपासली, लिहून ठेवले, म्हणूनच ती मालिका आजही चालू आहे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले, तेव्हा शाळांची छपरे उडाली आणि यंत्रे भिजली. त्यांतली किती खरोखर मेली होती आणि किती केवळ खटक्यावाचून अडली होती, हे उघडून पाहिल्याशिवाय कसे कळणार?

त्या फडक्याखालच्या संगणकाची बाजू आम्ही त्याच दुपारी उघडली. रिसेटची जोडी हलवायला नववीच्या एका मुलीला पाच मिनिटे लागली, त्यांतली चार अक्षरे शोधण्यात गेली. संगणक सुरू झाला. घड्याळ मात्र चुकीचे दाखवीत होता, कारण पटलावरची नाण्याएवढी बॅटरी संपली होती. ती दुसऱ्या दिवशी बाजारातून आणायचे ठरले, आणि टेबल पश्चिमेच्या खिडकीपासून आतल्या भिंतीकडे सरकवण्यात आले.