पहिला नंबर आमचा, गल्ला कोणाचा?

एखादं भीमगीत यूट्यूबवर कोटीच्या वर गेलं की आमच्या ग्रुपवर निळ्या झेंड्यांचा पाऊस पडतो. आता आपण दिसायला लागलो, आता आपल्याला कोण रोखणार, वगैरे. आम्हीही असे झेंडे टाकले आहेत, त्यामुळे शहाणपणाचा आव आणत नाही. पण दिसणं वेगळं आणि मालक असणं वेगळं. हा फरक ज्यांना डोळ्यांनी बघायचा आहे त्यांनी १९९७ साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेल्या गाण्यांची यादी एकदा नीट वाचावी.

अमेरिका कशाला, असं कोणी विचारेल. ते नातं आम्ही आज जोडत नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस यांना पत्र लिहिलं. १९७२ साली मुंबईतल्या पोरांनी ब्लॅक पँथरवरून दलित पँथर हे नाव घेतलं. कृष्णवर्णीयांचा लढा आपला मानतो, तर त्यांची फसगतही आपली मानून तपासली पाहिजे.

बिलबोर्ड साप्ताहिकाच्या 'हॉट १००' यादीत १९९७ साली पहिल्या जागेवर दहा गाणी बसली. त्यांतली सात कृष्णवर्णीय कलाकारांची: टोनी ब्रॅक्स्टनचं एक, पफ डॅडीची दोन, नोटोरियस बी.आय.जी.ची दोन, मराया कॅरीचं एक (तिचे वडील कृष्णवर्णीय), बॉईज टू मेनचं एक. उरलेली तीन स्पाइस गर्ल्स, हॅन्सन आणि एल्टन जॉन यांची. दहात सात! आपल्याकडे असं झालं असतं तर आम्ही मिरवणूक काढली असती.

हे घडायला मोजणी बदलावी लागली, हेही लक्षात घ्या. १९९१ पर्यंत काय खपतंय ते दुकानदार सांगायचा आणि त्यावरून यादी बनायची. मायकेल जॅक्सन तेव्हाही वर होताच, पण गल्लीतलं रॅप सांगताना दुकानदाराची जीभ अडखळायची. १९९१ साली बारकोडवरून खरी विक्री मोजायला लागले आणि जूनमध्येच एन.डब्ल्यू.ए.चा अल्बम अल्बमांच्या यादीत पहिला आला. पोरं ती गाणी आधीही विकत घेत होती, फक्त नोंद होत नव्हती. जातनिहाय जनगणनेला नाकं मुरडणाऱ्यांनी हा दाखला खिशात ठेवावा. गणना झालीच पाहिजे, त्यावर वाद नाही.

पण गणना झाली म्हणजे न्याय झाला का? आता पैशाची वही उघडू.

टोनी ब्रॅक्स्टनचं गाणं अकरा आठवडे पहिलं होतं. जानेवारी १९९८ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. लोक म्हणाले, उधळपट्टी केली असेल. असेलही. पण त्या धंद्याची रीत बघा. कंपनी कलाकाराला उचल देते. मग स्टुडिओचा, व्हिडिओचा खर्च त्याच्याच खात्यावर मांडते. तो सगळा त्याच्या तुटपुंज्या वाट्यातून वळता होईपर्यंत हातात काही पडत नाही, आणि एवढं फेडूनही रेकॉर्डिंगची मालक कंपनीच राहते. बीडच्या ऊसतोड कामगाराला हे समजावून सांगावं लागणार नाही. मुकादमाची उचल अंगावर घेऊन हंगामाला जायचं आणि हंगाम संपला तरी उचल शिल्लकच, हे त्याने भोगलं आहे. फरक इतकाच की टोनीचा फोटो मासिकाच्या मुखपृष्ठावर होता.

बॉईज टू मेनची कंपनी मोटाउन. बेरी गॉर्डी या कृष्णवर्णीय माणसाने १९५९ साली डेट्रॉईटमध्ये उभी केलेली. १९८८ साली त्याने ती ६ कोटी १० लाख डॉलरला विकली. १९९७ मध्ये ती पॉलीग्राम या युरोपीय कंपनीच्या ताब्यात होती. गॉर्डीने शहाणपण एकच केलं होतं: कंपनी विकताना गाण्यांच्या लेखनाचे हक्क स्वतःकडे ठेवले. १९९७ सालीच त्या हक्कांचा फक्त अर्धा हिस्सा त्याने ईएमआय कंपनीला १३ कोटी २० लाख डॉलरला दिला. आख्ख्या कंपनीच्या दुपटीहून जास्त. (मालक आपल्या रंगाचा असला की झालं, असंही नाही. त्याच गॉर्डीविरुद्ध त्याचे स्वतःचे गीतकार पैशासाठी कोर्टात गेले होते.)

आता पफ डॅडी. २०२५ साली न्यायालयाने त्याला गुन्हेगार ठरवलं. तो आमचा आदर्श नाही, तेव्हाही नव्हता. त्याचं त्या वर्षीचं पहिलं गाजलेलं गाणं १९८२ च्या 'द मेसेज'च्या सुरावटीवर उभं आहे. 'द मेसेज' म्हणजे ब्रॉन्क्सच्या झोपडपट्टीची, फुटक्या काचांची, घुसमटीची कैफियत. पंधरा वर्षांनी त्याच सुरावटीवर पैशाची फुशारकी आली आणि ती सहा आठवडे पहिली राहिली. मनमाडला १९३८ साली बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले होते. बाजाराला जात नसते असं आमच्यातले जे आजकाल सांगत फिरतात, ते दुसऱ्याचं नाव घ्यायचं टाळतात.

बी.आय.जी.चा ९ मार्च १९९७ ला लॉस एंजेलिसमध्ये गोळ्या घालून खून झाला. वय २४. आजवर कोणाला शिक्षा नाही. पफने त्याच्यावर केलेलं शोकगीत अकरा आठवडे पहिलं होतं. ते 'पोलीस' या बँडच्या १९८३ च्या गाण्यावर बेतलेलं, म्हणून लेखनाचा पैसा मुख्यतः स्टिंगकडे गेला. स्टिंगने चोरी केली नाही, कागद त्याच्या नावावर होता. ज्या गिटारच्या तुकड्यावर सगळं उभं आहे तो वाजवणारा अँडी समर्स गोरा असूनही लेखनाच्या पैशात नव्हता, कारण लेखक म्हणून त्याचं नाव नव्हतं. त्याच वर्षी दुसरं शोकगीत आलं ते राजकुमारी डायनासाठी. एल्टन जॉनचं ते गाणं चौदा आठवडे पहिलं राहिलं आणि त्याचा पैसा तिच्या नावाच्या स्मृतिनिधीला गेला.

पफचं शोकगीत तिकडे पहिलं असताना, ११ जुलै १९९७ ला, घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. निषेधाला उतरलेल्या वस्तीवर पोलिसांनी गोळ्या चालवल्या आणि दहा जीव घेतले. १५ जुलैला शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःला संपवलं. त्यांच्या गाण्याला कोणत्या यादीत जागा होती? कोणता निधी निघाला?

प्रस्थापितांना शिव्या घालून आम्ही मोकळे होऊ शकतो. पण वामनदादा कर्डकांची गाणी जयंतीच्या मंचावर त्यांचं नाव न घेता किती वेळा गायली गेली, हे आम्ही मंडपात बसून ऐकलं आहे आणि गप्प राहिलो आहोत. आपली पोरं आज गाणी लिहितात, एखाद्या चॅनेलवाल्याला पाच-दहा हजारांत देऊन टाकतात आणि सही कशावर केली ते वाचत नाहीत. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. हक्क लिहून दिले तरी गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा कंपनीला हडपता येत नाही, अशी तरतूद त्यात आहे. त्यासाठी आयपीआरएस या संस्थेचं सभासद व्हावं लागतं, गाणी नोंदवावी लागतात. आपल्या तालुक्यातल्या किती गीतकारांनी हे केलं आहे? वकिली शिकलेले कार्यकर्ते आपल्याकडे कमी नाहीत. १४ एप्रिलच्या आधी एक रविवार काढून गीतकारांचे करार वाचायला बसा. जयंतीच्या बॅनरवर आमदाराच्या फोटोखाली जागा उरतेच, तिथे त्या वर्षी वाजणाऱ्या गाण्यांच्या गीतकारांची नावं छापा. डीजेचं भाडं किती ठरलं ते मंडळातल्या प्रत्येकाला तोंडपाठ असतं, तर गीतकाराला किती दिलं हेही जमाखर्चात लिहा.