आधी शौचालय, मग समुद्र?

केपटाऊनच्या खायेलित्शा वस्तीतली मुले सर्फिंग शिकतात हे ऐकले की शहाणीसुरती माणसे नाक मुरडतात. घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा, असा एकूण सूर. त्यांचा राग खोटा नाही. याच वस्तीत पालिकेने आडोसाच नसलेली शौचालये बसवली होती; २०११ साली उच्च न्यायालयाला त्यात पडावे लागले. अशा ठिकाणी लाटांवर उभे राहणे म्हणजे निव्वळ पळवाट, असे ते म्हणतात.

पण शौचालयांचा पैसा सर्फबोर्डांवर उडाला, असे काही ते दाखवत नाहीत. मग पालिकेचा नाकर्तेपणा संपेपर्यंत अकरा वर्षांच्या पोराने दुपारभर पत्र्याच्या खोलीत बसून राहायचे, हा कुठला न्याय?

दुसरा आक्षेप, हा गोऱ्यांचा खेळ. तो त्यांचा झाला कसा? वर्णभेदाच्या राजवटीतल्या १९५३ च्या कायद्याने किनारेसुद्धा वर्णावर वाटले गेले. तो कायदा रद्द व्हायला १९९० उजाडले. खायेलित्शाची दक्षिण हद्द फॉल्स बेला भिडते. म्हणजे समुद्र दारातच. मात्र नवशिक्यांना झेपणाऱ्या लाटा म्यूझनबर्गला, आणि वस्तीलगतच्या मोनवाबिसीचे पाणी जिवावर बेतणारे. तिथल्या मुलाला पाण्याची ओढ ओळखायला शिकवणे ही चैन कशी?

समर्थकांचेही एक पटत नाही. ते लगेच ब्राझीलच्या आद्रियानो दे सौझाला पुढे करतात: गरीब वस्ती, थोरल्या भावाने घेऊन दिलेला स्वस्तातला बोर्ड, २०१५ चे विश्वविजेतेपद. ठीक. पण विश्वविजेता वर्षाला एकच होतो.

त्यापेक्षा या मुलांना सर्फिंग शिकवणारी ‘वेव्हज फॉर चेंज’ ही संस्था काय करते ते पाहा. तिथले प्रशिक्षक बहुतेक याच वस्त्यांतले तरुण. कमरेइतक्या पाण्यात प्रशिक्षक बोर्डाची शेपटी धरून उभा राहतो, मागून येणारी लाट जोखतो आणि नेमक्या क्षणी ढकलतो. पुढचे काही सेकंद पोराला फक्त स्वतःचे पाय सांभाळायचे असतात. याला खुशाल पळवाट म्हणा. पण ढकलणारा शेजारच्याच गल्लीत राहतो. पोर चार दिवस दिसले नाही तर चौकशी करू शकतो.

आक्षेप घ्यायचाच तर हा घ्या: हे सगळे देणग्यांवर चालते. देणगीदाराचे मन फिरले की ज्या मोठ्या माणसावर पोराने महत्प्रयासाने विश्वास टाकला, तोच नाहीसा होतो. शौचालयांसारखाच हा खर्चही शहराच्या अंदाजपत्रकात का नाही, हे नाक मुरडणाऱ्यांनी पालिकेला विचारावे.