वेदनेला थर्मामीटर नाही

प्रसूतिकक्षात ऑक्सिटोसिन रोज लागते. कळा वाढवण्यासाठी आणि बाळंतपणानंतरचा रक्तस्राव आटोक्यात ठेवण्यासाठी ते दिले जाते. आईला पान्हा फुटतो तोही याच संप्रेरकामुळे. अवघ्या नऊ अमिनो आम्लांचे हे संप्रेरक प्रयोगशाळेत तयार करणाऱ्या व्हिन्सेंट दु विन्यो यांना १९५५ मध्ये नोबेल मिळाले. आता प्रश्न वेगळा आहे: ते नाकात फवारले तर दुखणे कमी होते का?

ताप मोजता येतो, वेदना मोजता येत नाही. म्हणून स्वयंसेवकाचा हात बर्फाच्या पाण्यात बुडवतात किंवा त्वचेला उष्णतेचा चटका देतात आणि 'शून्य ते दहामध्ये किती दुखते?' असे विचारतात. उत्तर फक्त तोच देऊ शकतो. 'औषध मिळाले' या समजुतीनेही आकडा खाली येतो. त्यामुळे निम्म्यांना औषध नसलेला तसाच फवारा द्यावा लागतो आणि कोणाला काय मिळाले हे डॉक्टरलाही कळू द्यायचे नसते.

२०१३ मध्ये जर्मनीत पुरुषांवर झालेली चाचणी यासाठी बोलकी आहे. स्वयंसेवकांच्या हातावर दोन जागी औषध नसलेले एकच मलम लावले; एका जागचे 'बधिर करणारे' असे सांगितले. ऑक्सिटोसिन घेतलेल्यांना त्या जागी जास्त आराम वाटला. दुसऱ्या जागी मात्र फवाऱ्याने काहीच फरक पडला नाही. म्हणजे वाढला तो विश्वासाचा परिणाम. पुढे नेदरलँड्समध्ये महिलांवर अशीच चाचणी झाली, तेव्हा तोही दिसला नाही. नाकातून दिलेले औषध मेंदूत किती पोहोचते, यावरही एकमत नाही.

याचा अर्थ हे संशोधन वाया गेले असा नाही. वर्षानुवर्षे कंबर किंवा सांधे धरून बसलेल्यांना व्यसन न लावणारे औषध हवेच आहे. पण सुदृढ तरुणाचा क्षणभराचा चटका आणि साठीतल्या रुग्णाचे दहा वर्षांचे दुखणे एक नव्हे. शिवाय हे संप्रेरक गर्भाशय आकुंचित करते. गर्भवतीने तर ते मनाने घेऊच नये.

तेव्हा 'वेदनामुक्तीचा फवारा' अशी जाहिरात दिसली, तर एकच विचारावे: औषध नसलेल्या फवाऱ्याने किती जणांना बरे वाटले? हा आकडा मिळत नसेल, तर खिशात हात घालू नये.