विश्वासाची ठेव

२०११ च्या जनगणनेनुसार भारतातील जैनांची संख्या सुमारे साडेचव्वेचाळीस लाख. त्यांपैकी सुमारे चौदा लाख महाराष्ट्रात. संख्येने अल्प आणि व्यापारानिमित्त गावोगावी विखुरलेल्या या समाजाला व्हॉट्सॲपचे गट आज चावडीसारखे झाले आहेत. साधु-साध्वींच्या विहाराची वार्ता, विवाहेच्छू मुलामुलींचे परिचय, रुग्णासाठी लागणारे रक्त, सारे तेथेच कळते. समाजमाध्यमांवरील अनोळखी गर्दीला कंटाळलेली माणसे पुढील काळात अशा ओळखीच्या लहान वर्तुळांकडेच अधिक वळतील, असे दिसते. म्हणूनच या वर्तुळांचा पाया कशावर उभा आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

पहिली गोष्ट, जागा परक्याची आहे. २००४ मध्ये सुरू झालेले ऑर्कुट एके काळी भारतीय तरुणांच्या तोंडी होते. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झाले. याहू ग्रुप्सवर जगभरच्या लहान-मोठ्या मंडळांचा वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार साठला होता. तो काढून टाकण्यात आला आणि डिसेंबर २०२० मध्ये ती सेवाही संपली. भाड्याच्या गाळ्यात बसणारा व्यापारी आपल्या वह्या गाळेमालकाच्या स्वाधीन करीत नाही. मंदिराचा इतिहास, जुनी छायाचित्रे, सभासदांची यादी यांची एक प्रत संघाच्या स्वतःच्या दप्तरी असलीच पाहिजे.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: मिथ्योपदेश, रहोभ्याख्यान, कूटलेखक्रिया, न्यासापहार आणि साकारमंत्रभेद. खातरजमा न करता पुढे ढकललेला औषधोपचार मिथ्योपदेशाच्या वाटेने जातो. दुसऱ्याच्या घरातील गुपित उघड करणे हे रहोभ्याख्यान. बनावट पत्र वा चित्र तयार करणे ही कूटलेखक्रिया. न्यासापहार म्हणजे विश्वासाने सोपविलेली ठेव बळकावणे. विशेष हे की, ठेव बुडविण्याचा हा दोष येथे अचौर्याच्या नव्हे, तर सत्याच्या व्रताखाली येतो. विश्वास मोडणे हे असत्यच होय, हा त्यातील आशय.

मुलीचे परिचयपत्र ही अशीच ठेव आहे. तिचे छायाचित्र, जन्मवेळ, वडिलांचा व्यवसाय, घरचा दूरध्वनी क्रमांक हे सारे आईवडील समाजाच्या भरवशावर देतात. ते एका गटातून दुसऱ्या गटात जाते आणि विवाह ठरून गेल्यावरही अनोळखी फोनांत फिरत राहते. मूळ संदेश पुसला, तरी ज्यांनी तो साठवून ठेवला त्यांच्याकडून तो परत येत नाही. सोन्याची ठेव परत करता येते, माहितीची नाही.

म्हणून गटाच्या संचालकांनी काही नियम पाळणे हिताचे. परिचयपत्र सर्वांसमोर न मांडता मागणाऱ्या कुटुंबाची ओळख पटवूनच द्यावे. विवाह ठरताच नाव यादीतून काढावे. एखाद्याच्या आजाराची वा उधारीची वार्ता त्याच्या संमतीवाचून प्रसृत करू नये.

ज्या पेढीवर ठेव सुरक्षित राहिली, त्या पेढीचे नाव पिढ्यान्‌पिढ्या टिकले. समाजाच्या या नव्या पेढ्यांनाही तोच न्याय लागू आहे.